मूळ घर म्हणजे नेमकं कुठल्या सालचं? वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी गिरगावातल्या वाड्यांमधल्या लाकडी घरांबद्दल लिहिलं आणि जुनी घरं पाडण्याआधी एकदा नीट बघा असं म्हटलं, त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकच आहे, घर पहिलं होतं तसं परत करायचंय, कसं करू. मी वीसेक वर्षं जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांची ड्रॉइंग्ज करायचं काम केलं, म्हणजे टेप, पेन्सिल, शिडी आणि धूळ, त्यातून जे कळलं तेच सांगतेय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं घर गिरगावात वाडीत आहे, तळमजला अधिक एक, पणजोबांनी बांधलेलं, घरात सांगतात ते १८९० च्या आसपास. १९६२ साली काकांच्या लग्नाच्या वेळी पुढचा व्हरांडा विटांनी बंद करून खोली काढली, नंतर कौलं जाऊन सिमेंटचे पत्रे आले, बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. आता आम्ही तिघा भावांनी पैसे जमवून घर मूळ रूपात आणायचं ठरवलंय पण मूळ रूप कुठलं यावरच वाद चाललाय. धाकटा म्हणतो १९६२ चं सगळं तोडून टाका, थोरल्याची दोन्ही मुलं त्या खोलीत वाढली, तो म्हणतो खोलीला हात लावायचा नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : दादा, सुरुवात तोडण्यापासून नका करू, एवढं आधी ऐका. गवंड्याला हाक मारायच्या आधी निदान एक महिना घर नुसतं बघायचंय.

तुमचं भांडण होतंय कारण मूळ रूप म्हणजे एकच काहीतरी आहे असं तिघांनीही धरलंय. १८९० चं घर म्हणता, तर तेव्हा मुंबईत घरोघरी वीज नव्हती, बेस्टची मूळ कंपनीच १९०५ ची आहे, म्हणजे तुमच्या घरातली विजेची पहिली तार तरी घर बांधून झाल्यावर आलेली आहे. मग पणजोबांच्या हयातीतच घर दोनदा-तीनदा बदललं असणार, आणि तुमच्या आजोबांनी ज्याला आपलं घर म्हटलं ते या बदलांसकटचं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा की कुठल्या काळातलं घर आम्हाला परत हवंय आणि त्या काळाचा पुरावा आमच्याकडे आहे का. पुरावा नसेल तर कितीही आवडलं तरी ते करू नका. जुन्या वास्तू कशा जपायच्या याचा १९६४ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा आहे, व्हेनिस चार्टर, त्यात हे फार सरळ सांगितलंय, जिथून अंदाज सुरू होतो तिथे मूळ रूप आणण्याचं काम थांबलं पाहिजे. तिथेच असंही आहे की इमारतीत वेगवेगळ्या काळात जी मोलाची भर पडली तिचा मान राखायचा, सगळं एकाच सालाचं करणं हे ध्येय नव्हे.

उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत व्हर्जिनियात माँटपेलियर म्हणून घर आहे, तिथले चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचं. १९०१ मध्ये ते ड्यू पाँट घराण्यानं घेतलं आणि खूप मोठं वाढवलं. २००३ ते २००८ या काळात ती सगळी वाढ काढून घर पुन्हा १८२० च्या दशकातलं केलं गेलं. तिथे ते जमलं कारण भिंतींच्या पोटात पुरावा शिल्लक होता, पैसा प्रचंड होता, आणि मुख्य म्हणजे ते आता स्मारक आहे, तिथे कुणी राहत नाही, कुणाची मुलं त्या काढलेल्या खोल्यांमध्ये अभ्यासाला बसत नव्हती. तुमच्या घरात माणसं राहतात हा फरक मोठा आहे आणि तो मोजलाच पाहिजे.

आता बघायचं काय ते सांगते. व्हरांडा विटांनी बंद केला तेव्हा लाकडी खांब काढून टाकले की विटांमध्येच चिणले? माझ्या अनुभवात बऱ्याचदा चिणलेले असतात, कारण वरचा मजला त्यांच्यावर उभा असतो आणि ते काढायची कुणाची हिंमत होत नाही. भिंतीवर टिचकी मारत जा, आवाज बदलला की तिथे जपून वीतभर गिलावा उघडा. खांब सापडला की त्याच्या दोन्ही अंगांना खाचा शोधा, कठड्याचा वरचा दांडा आणि खालचा दांडा जिथे बसत होता त्या. त्या खाचांवरून कठड्याची उंची इंचापर्यंत कळते. खालचा दांडा जरी सापडला, अगदी कुजका का असेना, तर त्यावरच्या भोकांवरून गज किती होते आणि किती अंतरावर होते ते मोजता येतं. गजाचा आकार मात्र भोकावरून कळत नाही, त्याला फोटो लागतो किंवा एखादा उरलेला गज, आणि तो कुठेतरी असतोच हो, माळ्यावर, मोरीच्या दाराला अडसर म्हणून, नाहीतर कुणाच्या खिडकीला पडद्याची दांडी म्हणून. आमच्या घराचा कठडा आम्ही १९७८ साली वजनावर विकला, तेव्हा मी शाळेत होते, त्यातला एक गज आजीनं पापड वाळत घालायच्या साडीला आधार म्हणून ठेवला होता आणि पंचवीस वर्षांनी त्याच एका गजावरून सुताराला नमुना देता आला.

फोटोंसाठी स्वतःच्या घरात शोधून थांबू नका. लग्न-मुंजीचे ग्रुप फोटो त्या काळी व्हरांड्यात नाहीतर जिन्याच्या पायऱ्यांवरच काढायचे, आणि ते सासरी गेलेल्या आत्यांकडे जास्त सापडतात. पुढे बसलेली माणसं बघायची नाहीत, त्यांच्या मागचं बघायचं, दाराची चौकट, खिडकीच्या झिलमिल्या म्हणजे तिरप्या लाकडी पट्ट्या, पागोळ्यांशी लावलेली लाकडी झालर. कागदपत्रांत सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा. आणि जमलं तर १८६५ ते १८७२ मध्ये मुंबईचा जो लाफ्टनचा सर्व्हे झाला त्याचे नकाशे कुठल्या अभ्यासकाकडे बघायला मिळतात का ते बघा, त्यात एकेक इमारतीचा आकार काढलेला आहे. तुमचं घर त्यात दिसलं तर १८९० हे सालच चुकीचं ठरेल, निदान त्या जागी आधी काहीतरी उभं होतं हे तरी कळेल.

पत्र्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. त्या काळातले सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉसचे असं धरूनच चाला. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, वरून खाली टाकायचे नाहीत, पाण्यानं भिजवून एकेक अख्खा उतरवायचा, काम करणाऱ्या माणसांना साधा रुमाल नाही तर बारीक धूळ अडवणारा मास्क द्यायचा, आणि ते डेब्रिसच्या गोणीत भरून कोपऱ्यावर टाकायचे नाहीत, घातक कचरा म्हणून रीतसर द्यायचे. पोरांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. आणि कौलं परत चढवायच्या आधी वासे मोजा. एक मंगलोरी कौल २ ते २.५ किलोचं असतं, एका चौरस मीटरला १५-१६ लागतात, पावसात भिजलं की आणखी जड. पत्रे हलके म्हणून तेव्हा मधले वासे काढून विकलेले मी दोन-तीन घरांत पाहिलेत, अशा छपरावर कौलं चढवली तर पहिल्याच पावसात आढं वाकेल.

थोरल्या भावाच्या खोलीचं माझं मत असं. खांब सापडले तर विटा काढा, खांब आणि कठडा पुढच्या ओळीत पुन्हा उभे करा, आणि त्यांच्या हातभर आत लाकडी चौकटीत झिलमिल्या नि काच घालून खोली ठेवा. रस्त्यावरून व्हरांडा दिसेल, आत खोली राहील, आणि पुढच्या पिढीला ती नको झाली तर लाकडी पडदी खांबांना धक्का न लावता काढता येईल. खांब नाहीच सापडले आणि फोटोही नाही मिळाला तर खोली आहे तशी ठेवा, धाकट्याला माझं नाव सांगा. विटा काढायच्या आधी ती खोली आतून-बाहेरून मोजून, फोटो काढून, भिंतीवरच्या मुलांच्या उंचीच्या खुणा असतील तर त्यांच्यासकट नोंदवून ठेवा, तोही त्या घराचा इतिहासच आहे.

प्रश्न : आमच्या माझगावच्या घराचं छप्पर उतरवताना कौलाच्या खालच्या बाजूला बासेल मिशन आणि १८६५ असं कोरलेलं सापडलं. म्हणजे घर १८६५ चं पक्कं ना? पाटी लावायची आहे. (एक वाचक, माझगाव)

उत्तर : थांबा, पाटी करायला टाकू नका. १८६५ हे बासेल मिशननं मंगलोरला कौलांचा कारखाना काढला ते साल आहे, आणि ते साल ते पुढे कितीतरी वर्षं कौलांवर छापत राहिले. तुमचं कौल १९१० चंही असू शकतं. त्यातून एवढंच नक्की कळतं की ते कौल १८६५ च्या आधीचं नाही. घर त्याहून जुनं असेल तर त्यावर आधी कुंभारानं चाकावर केलेली नळीची देशी कौलं असणार, आणि तसं असेल तर वाशांवरच्या जुन्या रिपांच्या खिळ्यांची भोकं वेगळ्या अंतरावर दिसतील, मंगलोरी कौलाच्या मापाशी न जुळणारी. ती बघा. कौलं मात्र फुटलेली सोडून सगळी जपून उतरवा, शिक्क्याप्रमाणे वेगळी ठेवा, एका छपरावर तीन-चार कारखान्यांची निघतात आणि त्यावरून दुरुस्त्या किती वेळा झाल्या ते कळतं.

प्रश्न : पेंटवाल्यानं शेडकार्ड दाखवलं, त्यात हेरिटेज म्हणून पिवळे आणि विटकरी रंग आहेत. आमचं बांद्र्याचं घर खूप जुनं आहे, यातला कुठला मूळ असेल? (एक वाचिका, बांद्रा)

उत्तर : कार्डात नाही मिळणार, भिंतीत मिळेल. जिथे ऊन-पाऊस पोचला नाही आणि कुणी घासलं नाही अशा जागा निवडा, मीटरच्या फळीमागे, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला, छज्जाच्या खालच्या अंगाला, जिन्याखाली. तिथे धारदार पातीनं दोन-तीन इंचाच्या जागेत एकेक थर पायरीसारखा उघडत जायचं, म्हणजे एका बाजूला आजचा रंग आणि दुसऱ्या टोकाला लाकूड किंवा चुना असं दिसलं पाहिजे. भिंगातून बघा. नऊ-दहा थर सहज निघतात. प्रत्येकाचा फोटो काढताना शेजारी पांढरा कागद धरा, नाहीतर मोबाइल रंग बदलून टाकतो.

यात फसायला होतं ते असं की सगळ्यात खालचा थर पुष्कळदा अस्तर असतो, तो रंग म्हणून धरायचा नाही, आणि तेलरंग अंधारात राहिला की पिवळा पडतो, त्यामुळे उघडलेला तुकडा काही दिवस उजेडात राहू द्या, मग बघा, पिवळट वाटलेला बरेचदा साधा पांढरा निघतो. दुसरं म्हणजे एकाच जागेवर विश्वास नको. भिंतीचा, दाराचा, कठड्याचा, झालरीचा, सगळ्यांचा वेगवेगळा काढा आणि मग कुठला थर कुठल्याशी जुळतो ते लावा.

आणि हे नक्की पाळा, सुक्यानं घासायचं नाही. जुन्या तेलरंगात शिसं असतं, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे त्याआधीचा कुठलाही थर संशयितच. ओलं करून घासा, मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवसांत तिथे ठेवू नका. ब्लोलॅम्पनं रंग जाळायचा तर विचारही करू नका, शिशाची वाफ होते आणि लाकूडही पेटतं.

बाहेरच्या भिंतींवर त्या काळी चुन्याची सफेदी असायची, रंग हवा असेल तर त्यात पिवडी, गेरू, नाहीतर नीळ. ते रंग सपाट नसतात, ढगासारखे कमीजास्त उतरतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी हात द्यावा लागतो. तो हात द्यायची तयारी ठेवा, पण चुन्याच्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट फासू नका. एखाद्या जुन्या वास्तूचे रंग परत आणले की काय होतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. ते १८७२ ला लोकांसाठी उघडलं, पार कळा गेली होती, मग मोठं काम होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडलं. आतला हिरवा आणि सोनेरी रंग बघून पहिल्यांदा मला भडक वाटला होता, तासभर बसले तेव्हा कळलं की आपल्याला जुनं म्हणजे मळकट बघायची सवय झालीय.

प्रश्न : कॉन्ट्रॅक्टर म्हणतो चुना आता कोणी करत नाही, सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफिंग मारून देतो, दहा वर्षांची गॅरंटी. खालच्या भिंतींना मात्र कायम ओल आणि लोणा आहे, दर पावसाळ्यानंतर गिलावा सुटतो. काय करू? (एक वाचक, दादर)

उत्तर : तुमच्या भिंतीला जो लोणा आहे, म्हणजे हे जे क्षार फुटतात, त्याचं कारणच बहुतेक आधीचा सिमेंटचा गिलावा आहे, आणि हा माणूस त्यावर तोच इलाज पुन्हा करणार आहे. जुनी भिंत म्हणजे दगड किंवा वीट, मध्ये चुना. खाली डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा थर, नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी वर चढतंच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र, पाणी आत येतं तसं बाहेर उडूनही जातं. सिमेंटनं ती वाट बंद झाली की पाणी भिंतीत आणखी वर चढतं, बरोबर क्षार घेऊन, आणि ते क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन त्याला ढकलून पाडतात, वर विटाही भुसभुशीत करतात. मुंबईची हवा खारी, त्यात चार महिने पाऊस, दुसरं काय होणार.

आधी भिंतीत काय आहे ते बघा. खिळ्यानं ओरखडा काढा. पिठूळ निघालं, रंग दुधट, मध्ये पांढरे कण दिसले तर चुना. राखाडी, टणक, खणखणीत आवाज, तर सिमेंट. सिमेंट हलक्या हातानं छिन्नीनं काढायचं, ब्रेकर मशीन लावायचं नाही, विटांची तोंडं फुटतात. मग भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्यायची. हा काळ लोकांना काढवत नाही, घर उघडंवाघडं दिसतं, पाहुणे काय म्हणतील वाटतं, पण वाळल्याशिवाय गिलावा चढवला तर सगळं पाण्यात गेलं म्हणून समजा. या काळात पागोळ्या, पन्हळी, भिंतीलगतचं गटार आणि मोरीची गळती सगळं आधी दुरुस्त करा, अर्धी ओल तिथूनच येत असते.

चुना करणारे आहेत, कमी आहेत पण आहेत. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो, म्हणून चष्मा आणि हातमोजे लागतातच. विरलेला चुना पाण्याखाली झाकून निदान काही आठवडे मुरू द्यायचा, जितका जुना तितका हाताखाली लोण्यासारखा लागतो. पूर्वी मोठ्या कामावर बैलाची घाणी असायची, गोल चरात दगडी चाक फिरायचं आणि चुना, वाळू, सुरखी म्हणजे विटांची पूड, सगळं एकत्र मळून निघायचं. आता मशीनची घाणी मिळते. प्रमाण साधारण १ भाग चुना आणि ३ भाग वाळू-सुरखी मिळून, पण तुमच्या भिंतीतला जुना गिलावा तपासून घेऊन त्याच्याशी जुळवा. गूळ, बेलफळ, हिरडा, मेथीचं पाणी हे जुने लोक घालायचे, त्यानं चुना चिकट होतो आणि सावकाश वाळतो, पण गूळ ओतला की झालं असं नाही, जास्त झाला तर मुंग्या आणि बुरशी. थर पातळ द्यायचे, एक नीट धरल्याशिवाय दुसरा नाही, आणि दोन-तीन आठवडे गोणपाट ओलं ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, त्याला वेळ लागतो, घाई केली की तडे. दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत संपवा. गॅरंटीचं म्हणाल तर दहा वर्षांची गॅरंटी देणारा माणूस दहा वर्षांनी सापडत नाही, शंभर वर्षं टिकलेला चुना मात्र तुमच्याच भिंतीत सापडेल.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या मागच्या घरगल्लीत लोखंडी गोल जिना आहे, संडासांना लागून. गंजलाय. सोसायटीतले म्हणतात दर्शनी भाग जुन्यासारखा करतोय तर मागचं हे घाण काढून टाकू. काहींचं म्हणणं तो पण हेरिटेज. तुमचं मत? (एक वाचिका, गिरगाव)

उत्तर : ताई, तो जिना कशासाठी होता ते सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे का? गटारं आणि फ्लशचे संडास येण्याआधी मैला टोपल्यांमधून, डब्यांमधून हातानं काढला जायचा, आणि ते काम ज्यांच्यावर जातीनं लादलं होतं त्या माणसांनी पुढच्या जिन्यानं यायचं नाही म्हणून मागे हा वेगळा जिना बांधला. डोक्यावर ओझं घेऊन ती माणसं त्या अरुंद गोल पायऱ्यांवरून पावसात, अंधारात चढली-उतरली. इमारतीच्या पुढच्या नक्षीदार कठड्याइतकाच तो जिना मूळ आहे.

काढू नका असं मला मनापासून वाटतं. आपल्याला शोभतं तेवढं परत आणायचं आणि लाज वाटते ते भंगारात द्यायचं, तर ते घराचं मूळ रूप होत नाही. गंज तारेच्या ब्रशनं काढून, गंजरोधक प्रायमर देऊन तो टिकवता येईल, पायऱ्या जिथे खाऊन गेल्यात तिथे वापर बंद करा, पण जागेवर ठेवा. नक्षीचा दिवा लावून, कुंड्या ठेवून तो सुंदर करायच्या भानगडीतही पडू नका. आणि खाली दोन ओळींत तो कशासाठी होता ते सरळ शब्दांत लिहून लावा. सोसायटीत यावर वाद होईल, होऊ दे. तुमच्याकडे आज जे सफाईचं काम करायला येतात ते कुठल्या जिन्यानं येतात, लिफ्ट वापरू देता का, हेही त्याच मीटिंगमध्ये विचारा.

प्रश्न : परवानगी लागते का? घर आमचं स्वतःचं आहे. (एक वाचक, खोताची वाडी)

उत्तर : लागू शकते. मुंबईत वारसा वास्तूंचे नियम १९९५ पासून आहेत, महापालिका आयुक्तांना सल्ला द्यायला हेरिटेज समिती आहे. तुमचं घर यादीत आहे का, असेल तर ग्रेड कुठला, आणि नसलं तरी वाडी हेरिटेज परिसरात येते का, हे तीन प्रश्न घेऊन वॉर्ड ऑफिसला जा. ग्रेड एकला आत-बाहेर कुठेच हात लावता येत नाही, टिकवण्यासाठी लागेल तेवढंच. ग्रेड दोनला आतले बदल चालतात पण बाहेरचे तपासून. ग्रेड तीनला बरीच मोकळीक आहे. भाडेकरू असतील आणि इमारत सेसची, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही जावं लागेल. मोजणी केलेली ड्रॉइंग्ज आणि आधीचे फोटो जोडले की पुढच्या अर्ध्या शंका येतच नाहीत. तुमच्या वाडीत एकेकाळी ६५ च्या आसपास घरं होती असं सांगतात, आता तिशीही भरत नाही, तेव्हा कंटाळू नका, चकरा मारा.

प्रश्न : दिवाणखान्यातल्या नक्षीच्या फरशा मधोमध फुटल्यात. तशाच कुठे मिळतील? (एक वाचिका, गिरगाव)

उत्तर : विकत घ्यायच्या आधी कपाटाखाली आणि पलंगाखाली बघा. तिथल्या न झिजलेल्या फरशा काढून मधे आणायच्या आणि कपाटाखाली साध्या घालायच्या, हा सगळ्यात चांगला उपाय. काढताना एका फरशीची मागची बाजू बघा, तिथे कंपनीचा शिक्का असतो. इंग्लंडहून आलेली मिंटनची भाजलेली फरशी वेगळी आणि आपल्याकडची सिमेंटची वेगळी, पहिलीत रंग मातीतच भाजलेला, दुसरीत वरचा रंगीत थर प्रेसखाली दाबलेला. सिमेंटची असेल तर भारत टाइल्ससारखी १९२२ पासूनची कंपनी मुंबईचीच आहे, नमुना दाखवून तशी करून मिळते का विचारा. जुन्या बाजारातूनही मिळतात, पण ती प्रत्येक फरशी कुठल्या तरी पाडलेल्या घरातली आहे हे लक्षात असू द्या आणि गरजेपेक्षा एकही जास्त घेऊ नका. नवीन घातलेल्या फरशीच्या मागे साल लिहा.

प्रश्न : सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. यजमानांना संडास पूर्वीसारखा बाहेरच हवाय, घर मूळ रूपात हवं म्हणून. (एक वाचिका, माझगाव)

उत्तर : संडास आत, सासूबाईंच्या खोलीला लागून, कमोडसकट, भिंतीला धरायला दांडा आणि रात्रीचा दिवा. पाइप मागच्या भिंतीवरून उघडे न्या, कडीपाटाच्या, म्हणजे मजला पेलणाऱ्या तुळया-फळ्यांच्या लाकडाला भोक पाडू नका, आणि मोरीचं पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही हे बघा. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : आमचं घर २००९ मध्येच पडलं, टॉवर झाला. माझ्याकडे एका ट्रंकेत दाराच्या दोन पितळी बिजागऱ्या, एक कोयंडा, झिलमिलीच्या चार पट्ट्या आणि पाच-सहा फोटो आहेत. मुलगा म्हणतो देऊन टाका. याचं काही करता येईल का? (एक आजोबा, आता बोरिवली)

उत्तर : आजोबा, देऊ नका. तुमच्या त्या घराच्या आजूबाजूची जी घरं अजून उभी आहेत ती एकाच काळात, पुष्कळदा त्याच सुतारांनी केलेली आहेत, आणि वर ज्या गिरगावच्या दादांना मी कठड्याचा गज शोधायला सांगितलंय त्यांच्यासारख्या कुणालातरी तुमच्या चार पट्ट्यांवरून अख्ख्या खिडकीचं माप काढता येईल. पट्टीची लांबी, रुंदी, जाडी आणि टोकाच्या खुंटीचं माप एका कागदावर लिहा, बिजागऱ्या कागदावर ठेवून त्यांच्या कडेनं पेन्सिल फिरवा. पितळ चिंचेनं घासू नका, मऊ कपड्यानं पुसा बस. पट्ट्यांना भुंगा नाही ना ते बघा, खाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा आहे.

फोटोंचं काम मात्र या आठवड्यातच करा कारण ते फक्त तुम्हालाच जमणार आहे. प्रत्येकात कोण आहे याच्या आधी कुठे उभे आहेत ते आठवा, कुठला दरवाजा, कुठली भिंत, डावीकडे काय होतं, जिना कुठून वर जायचा, रंग कुठला होता. ते फोटोच्या मागे हलक्या हातानं मऊ पेन्सिलीनं लिहा, पेन नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.